अविची भूक, अविची साखर आणि मधलं डोपामाइन

हे लिहायच्या आधी अविला विचारलं. तो म्हणाला, "लिही ताई, पण माझं खरं नाव नको. आणि मी खादाड होतो असं लिहू नकोस." म्हणून अवि हे नाव बदललेलं आहे. बाकी तारखा, आकडे, पैसे सगळं फाइल समोर ठेवून लिहितेय. तो खादाड नव्हता. हे कळायला आम्हाला आठ वर्षं लागली, आणि ज्यांच्या घरात आज असंच काही चाललंय त्यांना एवढी वर्षं लागू नयेत म्हणून लिहायला बसले.

अवि माझा धाकटा भाऊ, आता ३८ वर्षांचा. आम्ही साताऱ्याचे. २०११ मध्ये त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. सुरुवातीच्या औषधांनी एक तर अंग ताठ व्हायचं, हात कापायचे, नाहीतर कानातले आवाज थांबायचे नाहीत. २०१५ च्या पावसाळ्यात ओलान्झापिन सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत घर शांत झालं. तो रात्री झोपायला लागला. चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागला, गिऱ्हाइकांशी बोलायला लागला. त्या गोळीचे आमच्यावर उपकार आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी त्या गोळीला शत्रू समजू नये.

पण भूक वाढली. वाढली म्हणजे कशी, ते घरात राहणाऱ्यालाच कळेल. एकदा रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले, तर तो स्वयंपाकघरात अंधारात उभा होता. ओट्यावर भाताचं पातेलं, त्यात दूध ओतलेलं, आणि तो उभ्याउभ्याच खात होता. मला बघून तो घाबरला. रात्री साडेनऊला तो पाच पोळ्या खाऊन उठला होता. आई रोज विचारायची, "भरलं का रे पोट?" आणि तो अगदी प्रामाणिकपणे सांगायचा, "नाही गं." नातेवाइकांनी लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानाकडे बघून बोलून घेतलं. मीही बोलले. जिभेवर ताबा ठेव, असं त्याला कितीदा म्हटलं असेन. ५८ किलोचा मुलगा वर्षभरात ७४ झाला आणि २०२२ संपता संपता ९१.

२०२३ ची संक्रांत झाली आणि त्याची तहान वाढली. आई त्याच्या उशाशी तांब्या भरून ठेवायची, तो रात्रीत तीनदा रिकामा व्हायचा. लघवीला तेवढ्याच वेळा उठणं. आमच्या वडिलांना मधुमेह होता, तरी आमच्या डोक्यात साखर आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. कारण असं झालं की, ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी "मानसिक रुग्ण कधीकधी असं खूप पाणी पितात, आजाराचाच भाग आहे" असं सांगितलं. ते तसं असूही शकतं, काही रुग्णांमध्ये खरंच असतं. पण साखर न तपासता तसं म्हणायचं नसतं. दीड महिना असाच गेला. मग दुकानात बसल्याबसल्या त्याला दिसायचं अंधूक झालं, कागदावरची अक्षरं पुसट दिसायला लागली, तेव्हा मी त्याला हाताला धरून लॅबमध्ये नेलं.

३ मार्च २०२३. उपाशीपोटी साखर २१८, जेवणानंतर ३३६, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, १०.२. तिन्ही मिळून ६५० रुपये. मानसिक आजाराच्या माणसाला खूप तहान लागली, वजन अचानक घटू किंवा वाढू लागलं, डोळ्यांपुढे अंधूक येऊ लागलं, तर आधी एवढे ६५० रुपये खर्च करा. सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, ग्लानी असलं काही असेल तर लॅबमध्ये न जाता थेट दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात जा.

मधुमेह होता. फिजिशियननी त्यावरची मेटफॉर्मिन ही गोळी सुरू केली. इथपर्यंत ठीक. मग आमच्या हातून मोठी चूक झाली. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी फोनवर आईला सांगितलं, "ती डोक्याची गोळी आहे ना, तिच्यामुळेच झालंय हे. बंद करून टाका." आईने त्याच रात्री गोळी बंद केली, मला न सांगता. ती तरी काय करणार, वडिलांचा पाय साखरेपायी गेलेला तिने पाहिलाय. पहिल्या तीन रात्री काही वाटलं नाही. चौथ्या रात्री तो झोपलाच नाही. पाचव्या रात्री गॅलरीत उभा राहून मला म्हणाला, "ताई, खालच्या माणसांना सांग ना गप्प बसायला." खाली कोणी नव्हतं. आमची पार्किंगची जागा, एक स्कूटर आणि तुळस. मी त्याच्याशेजारी उभी राहिले आणि पहाटे आईने रडत रडत सांगितलं, गोळी बंद केलीय म्हणून.

सकाळी मानसोपचारतज्ज्ञ मॅडमना फोन केला, गोळी पूर्ववत झाली, आणि २८ मार्चची वेळ मिळाली. तोपर्यंतचे दिवस कसे काढले ते नाही लिहीत.

त्या दिवशी मॅडमनी आम्हाला पाऊण तास दिला. आईला त्या अजिबात रागावल्या नाहीत. औषधाच्या पॅडचं पान उलटं केलं आणि दोन गोल काढले. वरचा मेंदू, खालचा स्वादुपिंड. दोन्ही गोलांत त्यांनी छोटी कुलपं काढली आणि म्हणाल्या, "ही एकाच कंपनीची कुलपं आहेत असं समजा. किल्लीचं नाव डोपामाइन."

मला डोपामाइन माहीत होतं ते मोबाइलवर ऐकून, आनंदाचं रसायन वगैरे. स्वादुपिंडात त्याचं काय काम, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला समजलं तसं सांगते. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या एका भागात डोपामाइनचा जोर वाढतो. औषध डी-२ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्या कुलपांवर, जाऊन बसतं आणि डोपामाइनला जागा मिळत नाही. आवाज, संशय कमी होतात. पण गोळी रक्तातून सगळ्या अंगात फिरते. स्वादुपिंडातल्या ज्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, त्या स्वतः थोडं डोपामाइनही तयार करतात. इन्सुलिनबरोबर तेही बाहेर पडतं आणि त्याच पेशीवरच्या डी-२, डी-३ रिसेप्टरवर बसून तिला सांगतं, आता पुरे. इन्सुलिन सोडणं त्यामुळे आवरतं घेतलं जातं. औषधाने ती कुलपं झाकली की पुरे म्हणणारं कोणी उरत नाही. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटत राहतं. महिनोन्‌महिने असं चाललं की स्नायू आणि यकृत त्या इन्सुलिनला दाद देईनासे होतात. मग साखर चढायला लागते आणि स्वादुपिंड आणखी राबतं, शेवटी दमतं. स्वादुपिंडातच अल्फा पेशी असतात, त्या साखर वाढवणारं ग्लुकागॉन सोडतात. तिथेही हीच कुलपं असतात आणि तिथला लगामही सैल होतो. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात झॅकरी फ्रायबर्ग आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करताहेत, असं मॅडमनी सांगितलं. वजन वाढायच्या आधीसुद्धा साखर का बिघडते, हे त्यातून उलगडत गेलं.

भुकेचं त्या म्हणाल्या की ओलान्झापिन फक्त डोपामाइनच्या कुलपांवर बसत नाही. हिस्टामाइन आणि सेरोटोनिनच्याही काही कुलपांवर बसतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. मग त्या अविकडे वळल्या. "अविनाश, तुमची भूक खरी होती. तुम्ही हावरे नाही." तो खाली बघत राहिला. आईने पदर डोळ्यांना लावला. आठ वर्षांत त्याला हे वाक्य कोणी म्हटलं नव्हतं, आणि मी तर नाहीच नाही.

सगळा दोष गोळीचा नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. असली औषधं निघाली १९५० च्या दशकात, पण त्याच्या कितीतरी आधी, १८७९ मध्ये, हेन्री मॉडस्ली या इंग्रज मनोविकारतज्ज्ञांनी लिहून ठेवलंय की ज्या घराण्यांत वेड असतं तिथे मधुमेहही पुष्कळदा दिसतो. आमच्या घरात वडिलांचा मधुमेह होताच. तरी गोळीचा वाटा मोठा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्येच या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकात मधुमेहाचा इशारा घालायला लावला. २००४ मध्ये तिथल्या मधुमेह आणि मानसोपचाराच्या संघटनांनी मिळून वेळापत्रकही ठरवून दिलं: गोळी सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर, चरबी तपासा. वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा, साखर १२ आठवड्यांनी आणि मग दरवर्षी. अविची गोळी सुरू झाली २०१५ मध्ये. त्याच्या फाइलमध्ये २०२३ पर्यंत साखरेचा एकही कागद नाही. हे वेळापत्रक आज तुमच्या घरच्या फाइलशी ताडून बघा. कागद नसेल तर डॉक्टरांना विचारा, ते हमखास लिहून देतात.

उपाय काय, तर औषध बदलायचा प्रयत्न. ॲरिपिप्राझोल नावाचं औषध त्याच डी-२ कुलपावर बसतं, पण ते पूर्ण झाकत नाही, थोडं उघडं ठेवतं. त्याने भूक आणि साखर बहुतेकांची कमी बिघडते. धोका असा की जे औषध आठ वर्षं लागू पडलं ते काढताना आजार उसळू शकतो. मॅडम म्हणाल्या, घाई नको, आधी साखरेच्या तज्ज्ञांचं मत घ्या, मग दोघं मिळून ठरवू.

पुण्यातल्या एंडोक्रिनॉलॉजिस्टची, म्हणजे त्या साखरेच्या तज्ज्ञांची, तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची, ४ मे. मधल्या काळात मॅडमनी सांगितलेल्या तपासण्या करून घेतल्या: उपाशीपोटी साखर आणि त्याच नमुन्यातून इन्सुलिन, चरबीचं प्रोफाइल, किडनी, लिव्हर, प्रोलॅक्टिन, ईसीजी. सगळे मिळून ३,८५० रुपये. इन्सुलिनची तपासणी साखरेच्या त्याच रक्तातून करा असं लॅबला आवर्जून सांगा. आमच्याकडे पहिल्यांदा दोन वेगळ्या दिवशींचे नमुने झाले आणि पुन्हा सुई टोचावी लागली.

मॅडमनी आठ ओळींचं पत्र दिलं. त्यात आजार, औषध, किती वर्षं, आणि शेवटी एक वाक्य: हे औषध अचानक थांबवू नये. त्या पत्राच्या मी दहा झेरॉक्स काढल्या, अवि दुकानातच बसतो म्हणून फुकट. पुढे दंतवैद्यापासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत जिथे गेलो तिथे एकेक प्रत दिली. मार्चमध्ये हे पत्र आईच्या हातात असतं तर त्या पाच रात्री झाल्या नसत्या.

४ मे, गुरुवार. पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरून रिक्षा. मला महिलांचं अर्धं तिकीट, तेव्हा ते सुरू होऊन दीडच महिना झाला होता. तपासणीची फी १,२०० रुपये आणि अकराच्या वेळेला नंबर लागला पावणेदोनला. अवि इतक्या लोकांत बेचैन होतो. तिसऱ्या वेळेपासून मी आधी फोन करून त्याचा आजार सांगायला लागले, तेव्हा त्यांनी सकाळचा पहिला नंबर दिला. मागायला लाजू नका, मिळतं.

रिपोर्टमध्ये उपाशीपोटी साखर १६४ होती आणि इन्सुलिन २७. डॉक्टरांनी कॅल्क्युलेटरवर दोन्हींचा गुणाकार केला, ४०५ ने भागलं, आणि ११ च्या आसपास आकडा आला. तो दोन-अडीचच्या आत असायला हवा. आई म्हणाली, "म्हणजे इन्सुलिन कमी नाहीये?" नाही, भरपूर होतं, पण शरीर त्याला दाद देत नव्हतं. मॅडमनी काढलेल्या खालच्या गोलाचा अर्थ मला तिथे आकड्यात दिसला.

मी घरी पुष्कळ वाचून आले होते. डोपामाइनसारखं काम करणारं ब्रोमोक्रिप्टिन हे औषध अमेरिकेत २००९ मध्ये टाइप टू मधुमेहासाठी मंजूर झालंय, सकाळी उठल्यापासून दोन तासांच्या आत, खाऊन घ्यायचं, हे वाचलेलं. मी विचारलं, मग अविला ते का नाही देत? डॉक्टरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. ते म्हणाले, स्थलांतर करणारे पक्षी बघा, लांबच्या प्रवासाआधी त्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि चरबी साठवतं, ऋतू पालटला की पुन्हा जागेवर येतं. मेंदूतल्या डोपामाइनच्या चढउतारांशी याचा संबंध असावा या विचारातून ते औषध पुढे आलं. मधुमेहात सकाळच्या वेळी मेंदूच्या एका भागात डोपामाइन कमी पडत असावं, ते औषधाने भरून काढायचं, म्हणून सकाळची वेळ. पण जे डोपामाइन अविचं यकृत ताळ्यावर आणू शकेल तेच त्याचे आवाज परत आणू शकेल. स्किझोफ्रेनिया असलेल्याला ते देत नाहीत.

मग त्यांनी ॲम्स्टरडॅमच्या एका रुग्णाची गोष्ट सांगितली. त्याला मंत्रचळासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, आणि मधुमेहही होता. इलेक्ट्रोड चालू झाल्यावर त्याला लागणारं इन्सुलिन कमी झालं. तिथल्या संशोधकांनी त्याचा पाठपुरावा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं की मेंदूतल्या त्या भागातलं डोपामाइन सगळ्या शरीराच्या साखरेवर हुकमत चालवतं. निरोगी माणसांत औषधाने डोपामाइन घटवलं तेव्हा त्यांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देऊ लागलं. म्हणजे मेंदूत डोपामाइन कमी पडलं तर इन्सुलिनला दाद मिळत नाही, आणि स्वादुपिंडात त्याचा निरोप पोचला नाही तर इन्सुलिन वाहत राहतं. अविच्या गोळीने दोन्हीकडची कुलपं झाकली होती. परतीच्या एसटीत खंबाटकी घाट चढताना मी हे वहीत लिहून काढलं. अवि खिडकीशी झोपला होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण अंधारात चाचपडत नाही आहोत.

दोघा डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं. मेटफॉर्मिनचा डोस वाढला. १२ जूनपासून औषध बदलायला सुरुवात. ओलान्झापिन उतरवत न्यायचं, ॲरिपिप्राझोल चढवत न्यायचं. मिलिग्रॅमचे आकडे मुद्दाम लिहीत नाही. आमचं वेळापत्रक अविच्या शरीरासाठी होतं, दुसऱ्या कोणी ते वापरू नये. एवढंच सांगते की ठरलं होतं १४ आठवड्यांचं, लागले २३.

मी एक साधी वही केली. रोज चार गोष्टी: किती तास झोपला, आवाज होते का, किती अस्वस्थ, सकाळची साखर. ग्लुकोमीटर १,१०० रुपयांना, ५० पट्ट्या साधारण हजाराला. पट्ट्या महाग पडतात म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं, रोज नको, आठवड्यातून तीनदा पुरे.

तिसऱ्या आठवड्यात त्याचे पाय स्वस्थ बसेनात. दुकानातून घरी, घरातून दुकानात, जेवताना उठून फेऱ्या. "आतून कोणी चावी देतंय," असं तो म्हणायचा. आम्हाला वाटलं आजार उसळला. पण याला अकॅथिसिया म्हणतात, तो औषधाचा परिणाम असतो, आणि त्यावर वेगळी गोळी असते. फोनवर मॅडमनी विचारलं, आवाज आहेत का? वहीत बघितलं, नव्हते. म्हणून निदान चुकलं नाही. दहा-बारा दिवसांत पाय शांत झाले.

जुलैच्या शेवटी मात्र खरंच बिघडलं. धो-धो पाऊस, दुकान बंद, तो घरातच. २७ ते ३१ तारखेपर्यंत वहीत "आवाज: हो" असं लागोपाठ पाच दिवस आहे. माझं अक्षरही वाकडं झालंय तिथे. मॅडमनी उतरवणं थांबवलं, एक पायरी मागे गेलो, आणि सहा आठवडे तिथेच राहिलो. त्या सहा आठवड्यांत मला रोज वाटायचं की आपण साखरेच्या नादात त्याचं डोकं पणाला लावलं. आईने मला एका शब्दाने टोकलं नाही. तिने फक्त पूर्वीसारखा त्याच्या खोलीच्या दाराशी बिछाना घातला. गौरी-गणपतीपर्यंत आवाज विरत गेले आणि पुन्हा हळूहळू उतरवणं सुरू झालं.

याच काळात अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम काढलं, कारण खर्च महिन्याला चार हजारांच्या घरात गेला होता. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार २१ अपंगत्वांमध्ये आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरला: आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा, उपचाराचे जुने कागद. जुने कागद जितके मागचे तितके बरे, कारण आजार किती वर्षं आहे यालाही गुण असतात. बोर्डापुढे चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. तिथे मला विचारलं, तो आंघोळ स्वतः करतो का, की सांगावं लागतं? अवि शेजारच्याच खुर्चीवर. मी अडखळले, तर तोच म्हणाला, "कधीकधी ताई सांगते." त्याच्यासमोर त्याच्याबद्दल असं बोलायचं मनाने आधीच ठरवून जा, आणि त्यालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऑगस्टला केलेल्या अर्जाचं कार्ड जानेवारीत आलं, ४० टक्क्यांच्या वर. एसटीत सवलत मिळते. आणि जुन्या करपद्धतीत विवरण भरत असाल तर अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते. काही गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो, मेटफॉर्मिन तिथे फारच स्वस्त. सगळ्या मिळाल्या नाहीत.

ओलान्झापिनची शेवटची गोळी २० नोव्हेंबर २०२३ ला झाली, दिवाळी होऊन गेल्यावर. दिवाळीच्या फराळाचं सांगायला हवं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आईने त्याच्या पुढ्यात दुसरी करंजी ठेवली आणि त्याने ताटली हाताने थोडी पुढे सरकवली. "पुरे गं." आई तशीच वाकलेली राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी काही बोललो नाही, तो बिचकेल म्हणून. तो उठून हात धुवायला गेल्यावर आई म्हणाली, "ऐकलंस ना?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये एचबीएवनसी ७.४, ऑगस्टमध्ये ६.८, या जानेवारीत ६.६. वजन ९१ वरून ७९. सगळं श्रेय नव्या गोळीला देता येणार नाही. मेटफॉर्मिन चालूच आहे. दुकानातला सहा कप साखरेचा चहा दोन कप बिनसाखरेवर आला. ते भूक आटोक्यात आल्यावर जमलं, आधी जमलं नव्हतं. रात्री ज्वारीची भाकरी आणि उसळ. संध्याकाळी आम्ही दोघं टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत चालत जातो, तिथून खाली सगळा सातारा दिसतो. पायऱ्यांवर तो आता माझ्या पुढे असतो.

ज्यांना औषध बदलणं जमत नाही अशीही घरं आहेत, आणि तिथे काही चुकलं असं नाही. आमच्या आधारगटात एका काकूंच्या मुलाला क्लोझापिनशिवाय दुसरं काही लागूच पडलं नाही. तेही साखर वाढवणाऱ्यांतलंच. त्यांनी तेच चालू ठेवलं आणि साखरेची औषधं जोडली, दर तीन महिन्यांनी तपासतात. तो मुलगा नोकरी करतो. काय करायचं ते दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावं आणि त्या बोलण्यात तुमच्या माणसालाही बसवावं. फोनवरच्या सल्ल्याने एकही गोळी कमी-जास्त करू नका. त्या पाच रात्रींसाठी हे कळकळीने सांगतेय.

एक राहिलंच. पहिल्या दिवशी मॅडमनी काढलेलं ते दोन गोलांचं पान मी फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवलंय. परवा बघितलं तर त्यावर खालच्या गोलाशेजारी अविने पेन्सिलीने बारीक अक्षरात "पुरे" असं लिहिलंय. कधी लिहिलं, माहीत नाही. मी विचारलं नाही.

पुढची तपासणी १५ एप्रिलला आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात त्यानेच लिहून ठेवलंय: सकाळी ७, उपाशीपोटी, ताईला उठवणे.